ठकू बापाकडे बघेना

माझा भाचा चष्मे करतो. विकतो म्हटलं की त्याला राग येतो. विकतात ते मालक. हा दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासतो, फ्रेमच्या मापाच्या करतो, बसवतो, मग बाहेर येऊन गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवतो, कानामागे काड्या वाकवतो आणि जरा मागे सरून विचारतो, "आता कसं दिसतंय?" हे वाक्य त्याच्या जिभेला इतकं चिकटलंय, की बायकोच्या हातात चहाचा कप दिला तरी तोंडातून तेच निघतं. तीही शांतपणे सांगते, साखर कमी दिसतेय.

घरात त्याला सगळे भिंग्या म्हणतात. हे नाव शाळेत पडलं. फळ्यावरचं सोडून शेजारच्या मुलाच्या पाटीवरचं उतरवून घेतो म्हणून बाईंनी आधी कान धरला, आणि मग कधीतरी त्यांच्या डोक्यात उजेड पडला की याला फळाच दिसत नसावा. चष्मा आला. भिंगं अशी जाड की डोळे आत कुठंतरी खोल विहिरीत असल्यासारखे वाटायचे. घरी आल्यावर त्यानं पहिल्यांदा आईकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, तुझ्या हनुवटीला काय लागलंय?" लागलं काही नव्हतं. तो तीळ होता, जन्मापासूनचा. ताई हा किस्सा अजून आल्यागेल्याला सांगते आणि पोट धरून हसते. भिंग्या मात्र त्यावर कधी हसलेला मी पाहिला नाही. एकदाच तो मला म्हणाला होता, "मावशी, मला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं. मी सांगणार तरी काय आणि कुणाला?"

हे मुद्दाम सांगितलं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. मधे जिन्याचा चौक, बस्स. त्यामुळे त्या घरात बाळ आल्यापासून माझं घर म्हणजे झोपायची जागा झाली आहे. बाळाचं नाव अजून ठरत नाही, कारण आई एक सुचवते, बाप दुसरं आणि ताई रोज तिसरं. तोवर ठकू. चार माणसं कौतुकानं बघत असली की ही डोळे मिटून साधूसारखी पडते, आणि ताटं मांडली की पहिल्या घासाला सूर लावते. नाव शोभतं तिला.

ठकूची आई लहान मुलांना पोहायला शिकवते. सार्वजनिक तलावावर रोज रांगेनं रडणारी पोरं तिनं इतकी पाहिली आहेत, की रडण्याचं तिला काही वाटत नाही. ठकूनं टाहो फोडला की ताई इकडून तिकडे धावते, भिंग्याच्या हातातलं पडतं, आणि ही शांतपणे लंगोट दुमडत म्हणते, "श्वास चांगला आहे तिचा." मला ही सून आवडते. बडबड करत नाही आणि करते तेव्हा कामाचं बोलते.

तर ठकू अडीचेक महिन्यांची झाली आणि हसायला लागली. झोपेत ओठ वाकडे होतात ते हसू नव्हे, तर समोरच्याकडे बघून, ओळख देऊन. आईकडे बघून हसली. ताईकडे बघून हसली, तेव्हा ताईनं खालच्या मजल्यापर्यंत वर्दी दिली. माझ्याकडे बघून हसली ती मी "पुरे झालं तुझं" असं दरडावलं तेव्हा. बाहेरच्या खोलीत दोरी बांधून लंगोट वाळत घातलेले असतात, वाकून आत यावं लागतं. त्या लंगोटांकडे बघूनही हसली. बापाकडे बघून नाही.

भिंग्या कामावरून यायचा, हात धुवायचा, पुसायचा, चटईवर गुडघे टेकून ओणवा व्हायचा. ठकूची नजर त्याच्या कपाळापाशी यायची, भुवयांवर जरा रेंगाळायची, आणि घसरून खिडकीकडे जायची. रडली असती तर परवडलं असतं. ती रडायचीही नाही. खिडकीवरचा कारकून काम संपल्यावर मागच्या माणसाकडे बघतो तसं बघायची, की चला, पुढे कोण.

पहिले काही दिवस त्यानं हसण्यावारी नेलं. मग माझ्याकडे येऊन दारातच उभा राहिला आणि विचारलं, "मावशी, ती तुझ्या डोळ्यांत बघते? नक्की डोळ्यांत?" मी म्हटलं, हो, अगदी जमाखर्च विचारल्यासारखी बघते. तो मान हलवून परत गेला. मला तेव्हा कळलं की याला कसली भीती लागलीय. आपले डोळे पोरीच्या वाट्याला गेले, तिला काही दिसत नाही आणि ती सांगू शकत नाही, ही ती भीती.

बाळांच्या डॉक्टरांकडे जाऊन झालं. त्यांनी बोट फिरवलं, ठकूची नजर बोटामागे फिरली, ते म्हणाले उत्तम. मग डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई झाल्या, ज्यांच्याकडून याच्या दुकानात नंबर येतात. त्यांनी दिवा टाकून पाहिलं आणि सांगितलं, काही नाही, घरी जा. दोघांनी ठीक सांगितलं. याला ठीक पुरेना. त्यानं पुठ्ठ्यावर काळी-पांढरी वर्तुळं काढली, एकात एक, आणि तिच्यासमोर डावीउजवीकडे सरकवली. ठकू वर्तुळांमागे अशी वळली की मानेची काळजी वाटावी. चमचा दाखवला, चमच्याकडे पाहिलं. आईची वेणी, ताईची किल्ली, माझी छत्री, सगळ्यांकडे पाहिलं. पुठ्ठा बाजूला करून त्यानं स्वतःचं तोंड पुढे केलं, तर खिडकी.

"पुठ्ठाच लावून हिंड तोंडाला," ताई म्हणाली. तिला वाटलं गंमत होईल. तो उठून आतल्या खोलीत गेला. तिला कुठं थांबावं ते कळत नाही, हे मी तिला साठ वर्षं सांगतेय.

आता मला खरी उत्सुकता लागली. डोळे चांगले आहेत हे नक्की. सगळ्यांकडे बघते हेही नक्की. मग याच्यातच काय वाईट आहे? माणूस दिसायला बरा आहे. आवाज मऊ आहे. हात थंड असतात, पण ते धुवून येतो म्हणून. मी चक्क खुर्ची ओढून घेतली आणि तो ओणवा झाला की ठकूच्या डोळ्यांकडे बघत बसायला लागले. लोक बाळाचं तोंड बघतात, गाल बघतात, कुणासारखी दिसते यावर वाद घालतात. बाळ काय बघतं ते कुणी बघत नाही. मी बघितलं. ती डोळ्यांत आधी बघतच नव्हती, माझ्याही नाही. ती माझ्या केसांच्या कडेवर बघायची, जिथं पांढरे केस संपतात आणि कपाळ सुरू होतं. कडेकडेनं फिरून मग आत यायची, जशी आपण अनोळखी गावाला आधी वेशीवरून चक्कर मारावी. बापाच्या बाबतीत वेशीवरूनच परत फिरायची. का, ते काही केल्या माझ्या डोक्यात येईना.

आलं ते सुनेमुळे, आणि तेही तिच्या ध्यानीमनी नसताना.

तिची रजा संपत आली होती. सुट्टीचा दिवस होता, भिंग्या घरी होता. तिनं कपाटातून पोहण्याचं सामान काढलं आणि रबरी टोपी डोक्याला बसते का ते बघायला लागली. ताईनं विचारलं, बाळंतपणात डोकं कसं वाढेल? ती म्हणाली, डोकं नाही वाढलं, केस गळलेत, सैल झाली असेल. टोपी तिनं कपाळावरून खाली ओढली, कानांवरून घेतली, एक केस बाहेर ठेवला नाही. तेवढ्यात ठकू कुरकुरली म्हणून तशीच वळून तिच्यावर वाकली.

ठकूनं आईकडे पाहिलं. कपाळापाशी आली, थांबली. आणि खिडकीकडे वळली.

मी खुर्चीतून उठले. हीच ती नजर. रोज बापाला मिळते ती.

"टोपी काढ," मी म्हटलं.

तिनं काढली. केस विस्कटून कपाळावर आले. ठकूनं पाहिलं, कडेनं चक्कर मारली, आत आली, आणि तोंडभर हसली.

"घाल परत."

घातली. खिडकी. काढली, हसू. आम्ही हा खेळ इतक्या वेळा केला की ठकूला उचकी लागली. सून मजेत होती. भिंग्या मात्र भिंतीला टेकून बघत होता आणि त्याचा चेहरा काही हलका झाला नव्हता. "पण माझ्या डोक्यावर टोपी कुठाय?" तो म्हणाला.

मी त्याच्याकडे वळले. "तुझ्या नाकावर आत्ता कुठला चष्मा आहे?"

त्यानं हात वर नेऊन चाचपला. आपण काय घातलंय हे त्याला चाचपून बघावं लागलं, ते मी विसरणार नाही. "चौकोनी. तपकिरी," तो म्हणाला.

"आणि काल?"

"काल सकाळी गोल, सोनेरी काडीचा. संध्याकाळी..." तो थांबला. "गोल गेला. एका बाईंना तोच हवा होता. मग येताना निळा."

इथं मला थोडं मागं जायला हवं. त्याच्या मालकांची एक रीत आहे. त्यांचं म्हणणं, ट्रेमध्ये पडलेली फ्रेम मेलेली असते, माणसाच्या तोंडावर चढली की जिवंत होते. म्हणून भिंग्यानं रोज वेगळी फ्रेम घालून गिऱ्हाइकासमोर यायचं. त्याच्या नंबरच्या काचा बसवलेल्या फ्रेमचा एक खणच आहे घरात: गोल, चौकोनी, मांजराच्या डोळ्यासारख्या, पारदर्शक, लाल. ज्या फ्रेमचा माल पडून आहे ती सकाळी नाकावर. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही घातलीय तशीच द्या, आणि कधी तशी दुसरी नसली तर हा नाकावरची उतरवतो, आपल्या काचा काढतो आणि देऊन टाकतो. जाताना एक, येताना दुसरी. आम्हाला त्याची इतकी सवय की आम्हाला ते दिसेनासंच झालं होतं. आणि तो तरी काय, आरशात बघतो तेव्हा फ्रेम सरळ बसली का तेवढं बघतो.

"त्या लाल चष्म्यात तर मीच तुला ओळखलं नव्हतं," ताई म्हणाली. "म्हटलं, कोण बाई आल्या."

सून जमिनीवर बसून हसत सुटली. हसता हसता म्हणाली, "अरे, मी एक टोपी घातली तर पोरगी मला विसरली. तू तर रोज नवा माणूस होऊन येतोस. तिला वाटत असेल, या घरात किती पाहुणे येतात."

तोही हसला, पण उशिरानं. तिच्या डोळ्यांत काही दोष नाही म्हणून आधी एक मोठा श्वास सोडला, तो आम्ही सगळ्यांनी ऐकला.

मग फ्रेम निवडायचा कार्यक्रम झाला. खण चटईवर उपडा केला. एकेक चढवायची आणि ठकूसमोर वाकायचं, हा बरा की हा, अशी दुकानातली पद्धत. ठकूनं कशावरच मत दिलं नाही. शेवटी त्यानं खणाच्या तळातली एक जाड काळी फ्रेम उचलली. अशी की माणूस टपाल खात्यातून निवृत्त झाल्यासारखा दिसावा. ही कुणी मागणार नाही, तो म्हणाला, म्हणजे नाकावरून जाणार नाही.

मालक चिडले. ते माझ्याही ओळखीचे आहेत, त्यांनीच मला हे सांगितलं. ते त्याला म्हणाले, तुझं नाक म्हणजे माझ्या दुकानाची दर्शनी काच आहे, तिथं हे जळकं लाकूड लावून बसलास तर माणसं आत कशी येतील? भिंग्या मालकांसमोर कधी मान वर न करणारा. पण तो म्हणाला म्हणे, घरात माझी ओळख पटेपर्यंत थांबा. मालकांना काही अर्थबोध झाला नाही. त्यांना वाटलं, नवराबायकोचं भांडण झालंय, म्हणून गप्प बसले.

आता पुढचं ऐका. रोज फ्रेम बदलणारा माणूस एकाच फ्रेमला चिकटला, तेव्हा गिऱ्हाइकांनी आपापला अर्थ काढला. चष्मेवाला स्वतः जी सोडत नाही ती खरी पक्की असणार. काळ्या फ्रेमला मागणी आली. मालकांनी कोपऱ्यातला पडून राहिलेला सगळा माल पुढे आणून मांडला आणि त्यांचा राग पार निवळला. रस्त्यात जिकडे तिकडे निवृत्त टपालवाले दिसायला लागले. आमचा वाणी, वरच्या मजल्यावरचा शिक्षक, पाण्याचे मीटर बघणारे गृहस्थ.

इकडे घरी भिंग्या काळी फ्रेम घालून रोज ओणवा होत होता. ठकू आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ बघायची, कडेनं दोनदा चक्कर मारायची. पण आत यायची नाही. तो तक्रार करत नसे. फक्त जेवायला बसताना अशी जागा धरायचा की तिला तो दिसत राहील.

आणि एका सकाळी मीटरवाले आले. तोंड कायम आंबलेलं, हातात बॅटरी, पायात चिखलाचे बूट. ठकूला कडेवर घेऊन ताईनं दार उघडलं. ठकूनं त्यांच्याकडे पाहिलं. काळी फ्रेम. आणि अशी काही हसली, हातपाय झाडत, हिरड्या दाखवत, की तो माणूस आकडा वाचायचं विसरून जिन्यात उभा राहिला. मी माझ्या दारातून पाहिलं. ताईला मी तिथल्या तिथं बजावलं, हे भिंग्याला सांगायचं नाही. ताई म्हणाली, मी कशाला सांगू.

संध्याकाळी तो लंगोटांच्या दोरीखालून वाकून आत येतोय तोच ताईनं सांगितलं.

त्यानं हात धुतले. ठकूची आंघोळ राहिली होती, सून तलावावरून उशिरा आली होती म्हणून. ती म्हणाली, तू दुपटं घेऊन बस, मी पाणी घालते. छोटं मोरीघर, कढत पाण्याची वाफ. मी टॉवेल घेऊन दाराशी होते. आंघोळ झाली, सुनेनं ठकूला त्याच्या मांडीवर दुपट्यात दिलं, आणि वाफेनं त्याच्या काचा पांढऱ्या झाल्या. त्याला काहीच दिसेना. एका हातात पोरगी, पुसणार कसं? त्यानं दुसऱ्या हातानं चष्मा काढला आणि माझ्याकडे दिला.

भिंग्याला चष्म्याशिवाय वीतभर अंतरापलीकडे काही दिसत नाही. ठकू कुठं आहे हे बघायला त्याला वाकावं लागलं, आणखी वाकावं लागलं, नाकाला नाक लागायच्या बेतात आला. नाकाच्या दोन्ही बाजूंना फ्रेमच्या खुणा, लाल, कित्येक वर्षांच्या. डोळे विहिरीतून बाहेर आलेले, साधे, जरा सुजल्यासारखे. मीही ते तोंड त्याच्या लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

ठकूनं कपाळाची कड बघितली. भुवई बघितली. मधे आता काहीच नव्हतं. ती आत आली.

तो सवयीनं म्हणाला, "आता कसं दिसतंय?"

ती हसली. मीटरवाल्याला दिलं तसं हातपाय झाडून नाही, सावकाश, आधी एका गालात.

सुनेच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ताई मागून विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि मी हातानं तिला गप्प केलं. भिंग्याला मात्र खात्री करून घ्यायची होती, पक्का कामाचा माणूस. चष्मा पुसून मागितला, घातला. ठकू गंभीर. काढला. हसू. मग त्यानं परत घातला नाही.

आता तिनं ओळखलं ते नाक, की आवाज, की ते न बदलणारं उघडं तोंड, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. मी तिला विचारणार आहे, पण अजून वेळ आहे. वाफ नसती तर तिनं काळी फ्रेम कधीतरी पत्करली असती का, हाही प्रश्न मला सुटलेला नाही.

झालंय ते एवढं. मालकांना त्यांची दर्शनी काच परत मिळाली, दुकानात भिंग्या पुन्हा रोज नवा. काल हिरवा होता. घरी दारातून आत आला की चष्मा काढून खणात ठेवतो आणि चाचपडत चटईपर्यंत जातो. उभ्यानं ठकूला उचलायचं नाही, अशी मी ताकीद दिली आहे, बसल्या जागी घ्यायचं. लंगोटांच्या दोरीत रोज अडकतो, परवा उशीला विचारत होता, जेवलीस का. सुनेनं स्टुलं, बादल्या, ताईची चपला ठेवायची जागा, सगळं भिंतीकडे सरकवलं आहे. ताई कुरकुरते की धडधाकट मुलगा घरात आंधळ्यासारखा फिरतो.

ठकूला ते चालतं. तो दोन खोल्यांपलीकडून येतोय हे तिला आधी कळतं, कुठंतरी काहीतरी पडलेलं असतं. मग ती वळून दाराकडे बघते, खिडकीकडे नाही, आणि तो वीतभर अंतरावर येईपर्यंत वाट बघते.